गांडर्सहाइमच्या ह्रोत्स्वीतेचीं सहा नाटकें : पोथी काय सांगते व टीकाकार काय सांगतात

१

युरोपच्या इतिहासांत इसवी सनाच्या पांचव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंतच्या काळास तमोयुग म्हणण्याची वहिवाट जुनी आहे. पश्चिमेकडील रोमन सत्ता ४७६ सालीं संपली, नगरें ओसाड झालीं, नाट्यगृहें बंद पडलीं आणि उरलीसुरली विद्या मठांच्या भिंतीआड जाऊन बसली, असें या वहिवाटीचें सार. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीं ही समजूत केव्हांच खिळखिळी केली आहे. जे प्राचीन लॅटिन ग्रंथ आज आपणांस वाचावयास मिळतात त्यांपैकीं पुष्कळांच्या सर्वांत जुन्या चांगल्या प्रती नवव्या व दहाव्या शतकांतील मठवासी लेखकांच्या हातच्या आहेत. तरीहि त्या समजुतीचा एक अवशेष वाङ्मयटीकेंत टिकून राहिला. तो असा : त्या काळांतील एखादी कृति चांगली निघाली तर ती त्या काळची नसावी, आणि त्या काळचीच ठरली तर ती चांगली नसावी.

या न्यायानें ज्यांची हानि झाली त्यांत जर्मनींतील गांडर्सहाइम येथील ह्रोत्स्वीता या लेखिकेचें नांव प्रथम घ्यावें लागेल. तिनें दहाव्या शतकांत लॅटिन भाषेंत सहा नाटकें लिहिलीं. प्राचीन रंगभूमि लोपल्यानंतर पश्चिम युरोपांत नाटकें रचणारी, नांवानिशीं ठाऊक असलेली पहिली व्यक्ति ती होय. या नाटकांची योग्यता काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. परंतु तो सोडविण्यापूर्वीं तीं नाटकें आपल्या हातीं कोणत्या पोथीनें, कोणाकोणाच्या हातांतून आणि कोणत्या फेरफारांसह आलीं हें पाहणें अवश्य आहे. कारण तिच्यावरील टीकेंतले बरेच दोष पोथी बाजूस ठेवून केवळ छापील पुस्तक पाहिल्यामुळें उत्पन्न झाले आहेत, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

२

गांडर्सहाइमचा आश्रम सॅक्सनीचा ड्यूक लिउडोल्फ व त्याची पत्नी ओडा यांनीं ८५२ सालीं स्थापिला. याच घराण्यांत पुढें ओटो पहिला निपजला व ९६२ सालीं रोम येथें त्यास सम्राटपदाचा अभिषेक झाला. येथील स्त्रियांस सरसकट जोगिणी समजूं नये. त्यांस कॅनोनेस म्हणत. प्रार्थना व अध्ययन त्यांनीं नियमानें करावयाचें असे. परंतु स्वतःची मालमत्ता, दासी व ग्रंथ त्यांस बाळगतां येत आणि आश्रम सोडून जाण्याचीहि मोकळीक असे. थोर कुळांतील कन्यांस शिक्षण देणारी ती एक उत्तम पाठशाळा होती.

ह्रोत्स्वीतेचा जन्म सुमारें ९३५ सालचा धरतात. आपल्या गुरूंचीं नांवें तिनें स्वतःच कृतज्ञतेनें नोंदविलीं आहेत : प्रथम रिक्कार्डिस, व नंतर मठाधिपति गेरबेर्गा. गेरबेर्गा ही सम्राट ओटोची पुतणी. ती आपल्याहून वयानें लहान परंतु विद्येनें मोठी होती, असें ह्रोत्स्वीता सांगते. स्वतःच्या सॅक्सन नांवाचा अर्थहि तिनें लॅटिनमध्यें उलगडून दाखविला आहे. तो 'बलवान घोष' असा होतो. वरवर पाहतां तिच्या प्रस्तावना दैन्यानें भरलेल्या आहेत. आपण अडाणी, आपली भाषा ओबडधोबड, विद्वानांनीं चुका सुधाराव्या, अशीं वाक्यें त्यांत पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटीं लेखक आपणांस मंदमति म्हणवितो व सज्जनांची क्षमा मागतो, त्याच जातीचा हा विनय आहे. तो शब्दशः घेणारा टीकाकार फसतो. ज्या बाईनें आपल्या नांवाचा अर्थ बलवान घोष असा लावला तिला आपल्या सामर्थ्याची जाणीव नव्हती असें मानवत नाहीं.

तिच्या ग्रंथरचनेंत आठ पद्यमय संतकथा, सहा नाटकें, ओटो पहिल्याचें काव्यमय चरित्र आणि गांडर्सहाइमच्या स्थापनेचें काव्य इतक्या गोष्टी मुख्य आहेत. नाटकें लिहिण्याचा हेतु तिनें प्रस्तावनेंत स्पष्ट सांगितला आहे. टेरेन्स या रोमन नाटककाराची भाषा गोड म्हणून लोक तो आवडीनें वाचतात आणि वाचतां वाचतां त्यांतील असभ्य गोष्टींनीं मन विटाळून घेतात. तेव्हां ज्या रचनाप्रकारानें त्यानें निर्लज्ज स्त्रियांचे व्यवहार रंगविले त्याच रचनाप्रकारानें आपण पवित्र स्त्रियांचें शील गावें, असा तिचा संकल्प. असें करतांना कामातुरांचीं भाषणें लिहावीं लागतात म्हणून आपणांस लाज वाटते, परंतु तीं टाळलीं तर हेतूच साधणार नाहीं, हेंहि ती मोकळेपणीं सांगते. शत्रूच्या शस्त्रागारांतून शस्त्र उचलून तें आपल्या कामीं लावणें, असा हा प्रकार आहे. टेरेन्सचीं नाटकें सहा, हिचींहि सहाच.

३

आतां पोथीकडे वळूं. ही पोथी आज म्यूनिक येथील बव्हेरियन राजकीय ग्रंथालयांत लॅटिन पोथी क्रमांक १४४८५ म्हणून आहे. ती चर्मपत्रावर, एकाहून अधिक हातांनीं, कॅरोलिंजियन लघुलिपींत लिहिलेली असून तिचा काळ दहाव्या शतकाचा शेवट किंवा अकराव्याचा आरंभ असा धरतात. ही लिपि आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांच्या राज्यांतील मठांत घडली व शार्लमेनच्या राज्यांत सर्वत्र पसरली. तीतील अक्षरें गोल, सुटीं व एकमेकांपासून स्पष्ट वेगळीं असतात. पंधराव्या शतकांतील इटालियन पंडितांनीं तिलाच प्राचीन रोमनांची लिपि समजून गिरविलें व तेथून ती मुद्रणांत शिरली. आज जगभर छापली जाणारीं रोमन अक्षरें या 'तमोयुगां'तील मठांची देणगी आहेत.

पोथी कित्येक शतकें रेगेन्सबुर्ग येथील सेंट एमेराम मठांत पडून होती. कोनराड सेल्टिस नांवाच्या जर्मन पंडितानें १४९३-९४ च्या सुमारास ती तेथें पाहिली, मागून नेली आणि १५०१ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापून प्रसिद्ध केली. ग्रंथ सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक यास अर्पण केलेला असून त्यांतील दोन काष्ठचित्रें आल्ब्रेख्ट ड्यूरर याचीं मानतात. एका चित्रांत ह्रोत्स्वीता गुडघे टेकून आपला ग्रंथ सम्राट ओटोस अर्पण करीत आहे व मागें गेरबेर्गा उभी आहे. इटलीच्या पंडितांपुढें जर्मनीची प्राचीन विद्वत्ता मिरविण्याची सेल्टिसला फार हौस होती, आणि या शोधानें ती पुरविली. त्यानें पोथीवरच छापखान्यासाठीं खुणा व दुरुस्त्या केल्या; त्याचें हस्ताक्षर तीवर आजहि ओळखतां येतें. चांगली पोथी सांपडली कीं तीवरच लेखणी चालविण्याचा मोह विद्वानांस होतो, हें आपणां संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको.

४

यापुढील हकीकत संशोधकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८६७ सालीं व्हिएन्ना येथील इतिहासकार योसेफ आश्बाख यानें असें प्रतिपादन केलें कीं, ह्रोत्स्वीतेचे ग्रंथ मुळीं दहाव्या शतकांतील नव्हेतच; ते सेल्टिस व त्याच्या मित्रमंडळीनें रचलेलें बनावट आहे. या प्रतिपादनाचा गाभा एवढाच होता कीं, दहाव्या शतकांतील एका सॅक्सन आश्रमवासिनीस इतकें लॅटिन, इतका टेरेन्स आणि इतकी जनरीत ठाऊक असणें शक्य नाहीं. म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत धरलें. संस्कृत तर्कशास्त्रांत अशा हेतूस साध्यसम म्हणतात.

आश्बाखचें खंडन लौकरच झालें. रुडोल्फ क्योप्के यानें १८६९ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून प्रमाणें मांडलीं. परंतु खरें खंडन पोथीनेंच केलें. तिचें अक्षर, तिचें चर्मपत्र, तींत दिसणारे निरनिराळे हात, हीं सर्व पंधराव्या शतकांतील कल्पनेच्या पलीकडचीं आहेत. ओटोच्या चरित्रकाव्यांत मध्येंच मोठा मजकूर गहाळ आहे. सम्राटाची स्तुति रचून मिरविणारा बनावटकार ऐन स्तुतींत अशीं भगदाडें कशाला पाडील?

पुढें तर स्वतंत्र साक्षीदारच उभे राहिले. कोलोन शहराच्या दप्तरखान्यांत बाराव्या शतकांतील एक पोथी आढळली. तींत पहिलीं चार नाटकें आहेत, व गोस्विन फ्रेंकेन यानें ती १९२२ सालीं उजेडांत आणली. ऑस्ट्रियांतील क्लागेनफुर्ट येथें अकराव्या शतकांतील त्रुटित पानें हेर्मान मेनहार्ट यास सांपडलीं. तीं १९२५ सालीं प्रसिद्ध झालीं. अल्डर्सबाख मठाच्या एका संतचरित्रसंग्रहांत पहिलें नाटक उतरून घेतलेलें आहे, व तो संग्रहहि बाराव्या शतकाचा आहे. सेल्टिसच्या जन्मापूर्वीं तीनचारशें वर्षें जीं नाटकें उतरून घेतलीं जात होतीं तीं सेल्टिसनें कशीं रचावीं ? वाद येथेंच संपला.

याच सेल्टिसनें १५०७ सालीं छापलेलें 'लिगुरीनुस' हें काव्यहि दीर्घकाळ बनावट मानलें जात होतें व पुढें तें बाराव्या शतकांतलेंच ठरलें. त्याची मूळ पोथी हरवली होती म्हणून संशयास निदान कांहीं निमित्त होतें. ह्रोत्स्वीतेची पोथी तर ग्रंथालयांत, हात पुढें केला तर मिळेल अशी, पडलेली होती. आपल्याकडील भासनाटकांचा वाद येथें आठवतो. त. गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेंत १९१२ पासून तीं नाटकें प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यांच्या कर्तृत्वाबद्दल पंडितांत तट पडले. त्या वादास आधार होता, कारण त्या पोथ्यांतील प्रस्तावनांत कवीचें नांवच नाहीं. गांडर्सहाइमची लेखिका मात्र प्रस्तावनेंत आपलें नांव, आपला आश्रम, आपले गुरु व आपला हेतु हें सर्व सांगते. तरीहि तिच्यावर अविश्वास दाखविला गेला. याचें कारण पोथींत नव्हतें, वाचणाऱ्याच्या मनांत होतें.

५

बनावटीचा आरोप गेला, परंतु सेल्टिसचा दुसरा एक परिणाम राहिला व तो अजून पुसला गेलेला नाहीं. आज हीं नाटकें 'गॅलिकानुस', 'डुल्सिटियुस', 'कॅलिमाकुस', 'अब्राहाम', 'पाफ्नुटियुस' व 'सापिएंटिया' या नांवांनीं ओळखलीं जातात. हीं सुटसुटीत नांवें छापील पुस्तकाचीं आहेत. पोथींतील मथळे लांब व वेगळे आहेत. दुसऱ्या नाटकाचा मथळा आगापे, खिओनिया व इरेना या तीन पवित्र कुमारिकांच्या हौतात्म्याचा आहे. चौथ्याचा मथळा अब्राहामाची भाची मारिया हिच्या पतनाचा व उद्धाराचा. पांचव्याचा थाइस या गणिकेच्या मनःपरिवर्तनाचा. म्हणजे लेखिकेनें ज्या स्त्रियांस मध्यभागीं बसविलें त्यांस उठवून संपादकानें तेथें पुरुषांस बसविलें. आणि दुसऱ्या नाटकांत तर ज्या मूर्ख अधिकाऱ्याची फजिती झाली त्याचेंच नांव नाटकास दिलें! हें कांहीं दुष्टाव्यानें झालें नाहीं. टेरेन्सच्या नाटकांस आटोपशीर नांवें असतात, तशीं हिच्या नाटकांस असावीं, एवढाच संपादकाचा विचार असावा. परंतु परिणाम दूरवर गेला. 'डुल्सिटियुस' असें नांव वाचणारा टीकाकार डुल्सिटियुस नाटकाच्या मध्यावरच नाहींसा कां होतो म्हणून रचनादोष दाखवितो. पोथींतला मथळा वाचणाऱ्यास हा प्रश्न पडतच नाहीं.

हेंच प्रवेशांच्या विभागणीचें. छापील प्रतींत दिसणारे प्रवेश संपादकांनीं पाडलेले आहेत. पोथींत संवाद सलग चालतो व बोलणाराचें नांव तेवढें दिलेलें असतें. या विभागणीमुळें एका ओळींत पात्र घरून निघतें व दुसऱ्या ओळींत पोंचतें हें डोळ्यांस खुपतें, आणि 'स्थलकालाचें भान नाहीं' असा शेरा तयार होतो. संस्कृत नाटक वाचणाऱ्यास यांत नवल नाहीं. आपल्या नाटकांतहि पात्र परिक्रमा करून दुसऱ्या स्थळीं पोंचतें व प्रेक्षक तें मान्य करतो.

तिचें गद्यहि असेंच गैरसमजास पात्र झालें. टेरेन्सनें पद्यांत लिहिलें, ही गद्यांत लिहिते, तेव्हां हिला टेरेन्स कळलाच नाहीं, असें म्हणण्यांत येई. परंतु मध्ययुगांतील टेरेन्सच्या पुष्कळ प्रतींत पद्य हें गद्यासारखें सलग ओळींत उतरलेलें असे व वृत्त वाचकाच्या ध्यानांत येत नसे. तिनें आपल्यापुढील टेरेन्स जसा दिसला तसा अनुसरला, आणि वर वाक्यखंडांच्या शेवटीं यमकें साधून त्या गद्यास एक लय दिली. लेखकाच्या हातीं कोणती प्रत होती हें न पाहतां त्याच्या अनुकरणाची परीक्षा करूं नये, हा धडा येथें मिळतो.

६

आतां प्रत्यक्ष नाटकांची योग्यता. सहाहि नाटकें सारख्या मोलाचीं नाहींत, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पहिलें 'गॅलिकानुस' विसकळीत आहे. कॉन्स्टंटाइन बादशहाचा सेनापति, त्याची राजकन्येविषयींची अभिलाषा, सिथियनांशीं युद्ध, धर्मांतर, आणि मग एकदम ज्यूलियनच्या कारकीर्दींतील दोन हुतात्मे, असा दुभंगलेला विषय तींत कोंबला आहे. 'कॅलिमाकुस'मध्यें वासनेची तीव्रता थडग्यापर्यंत नेली असून नायकाचीं आरंभींचीं उतावीळ भाषणें जिवंत आहेत. उत्तरार्धांत मात्र चमत्कारांची दाटी होते.

'डुल्सिटियुस'मध्यें तिची विनोदशक्ति प्रगट होते. तीन कुमारिकांवर लुब्ध झालेला हा अधिकारी त्यांस स्वयंपाकघरालगतच्या खोलींत कोंडतो व रात्रीं तेथें शिरतो. परंतु त्यास भ्रम पडतो आणि तो काळ्याकुट्ट भांड्यांनाच आलिंगनें देत सुटतो. मुली फटींतून पाहतात व एकमेकींस सांगून हंसतात. बाहेर आल्यावर त्याचेच शिपाई त्यास भूत समजून पळतात, राजवाड्याचे द्वारपाल बडवून काढतात, आणि आपण काजळीनें माखलों आहों हें त्यास एकट्यालाच ठाऊक नसतें. याच नाटकाच्या शेवटीं तिन्ही मुलींचा वध आहे. हास्य व मृत्यु इतके जवळ ठेवणें कित्येकांस रुचत नाहीं. परंतु लेखिकेचें म्हणणें त्या जवळिकींतच आहे : ज्याच्या हातीं तुरुंग व तलवार आहे तो हास्यास्पद होऊं शकतो, आणि ज्यांच्या हातीं कांहीं नाहीं त्या हंसूं शकतात. हें तत्त्व तिनें प्रवचनानें सांगितलें नाहीं; भांड्यांच्या काजळीनें सांगितलें.

'पाफ्नुटियुस' व 'सापिएंटिया' यांतून तिची विद्या दिसते. पहिल्याचा आरंभ विश्व व मानव, आणि संगीताचे प्रकार यांवरील लांबलचक पाठानें होतो. गुरु सांगतो व शिष्य शंका विचारतात. 'सापिएंटिया'मध्यें हेड्रियन बादशहा एका मातेस तिच्या तीन मुलींचीं वयें विचारतो. त्या मुलींचीं नांवें श्रद्धा, आशा व प्रीति या अर्थाचीं आहेत. माता सरळ उत्तर न देतां आठ, दहा व बारा या संख्यांचीं लक्षणें सांगत बसते. आठाचे भाजक एक, दोन व चार. त्यांची बेरीज सात, म्हणून आठ ही न्यून संख्या. दहांचे एक, दोन व पांच मिळून आठ, म्हणून तीहि न्यून. बारांचे एक, दोन, तीन, चार व सहा मिळून सोळा, म्हणून बारा अधिक. भाजकांची बेरीज संख्येइतकीच भरली तर ती पूर्ण. अशा ६, २८, ४९६ व ८१२८ या संख्याहि ती सांगते. हें सर्व गणित बोएथियसच्या ग्रंथावरचें आहे. टीकाकारांनीं याला पंडिती प्रदर्शन म्हटलें आहे, आणि नाटकाची गति येथें थांबते हें खरेंच. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या प्रस्तुत लेखकास मात्र त्यांत आणखी कांहीं दिसतें. बादशहा सर्वाधिकारी आहे; पण या एका प्रसंगापुरता तो विद्यार्थी होतो व ती गुरु होते. थोड्याच वेळानें तो तिच्या मुलींस मारील, परंतु उत्तर समजण्यासाठीं त्यास तिच्यापुढें ऐकत उभें राहावें लागतें. जेथें पोरींस बोएथियस शिकवीत त्या आश्रमांत हें नाटक वाचलें गेलें असेल तेव्हां ऐकणाऱ्यांनीं या प्रसंगाचा आनंद लुटला असेल यांत शंका नाहीं.

तथापि सर्वांत श्रेष्ठ नाटक 'अब्राहाम' होय. मारिया ही लहानपणापासून तपस्वी मामाजवळ वाढलेली. साधूच्या वेषांत आलेल्या एका लबाडानें तिला भ्रष्ट केलें. आतां आपणांस क्षमा नाहीं या निराशेनें ती निघून जाते व वेश्यागृहांत राहते. तेथें पापाची आवड तिला नेत नाहीं, निराशा नेते. हा भेद लेखिकेनें नीट जपला आहे. मामास पत्ता लागतो तेव्हां तो सैनिकाचा वेष घेतो, मोठ्या टोपीनें तोंड झांकतो, व्रत मोडून मद्यमांसाच्या पंक्तीस बसतो व गिऱ्हाईक म्हणून तिच्यापुढें जातो. तिला त्याच्या अंगाचा वास येतो. तो वैराग्याचा, जुन्या दिवसांचा वास तिच्या ओळखीचा आहे. कां तें न कळतां तिचे डोळे भरून येतात. खोलींत एकांतीं आल्यावर तो टोपी काढतो. वेषांतर आणि ओळख हीं टेरेन्सच्या नाट्यतंत्रांतलीं मुख्य साधनें. तीं तिनें येथें अशा ठिकाणीं लाविलीं आहेत कीं ओळख पटण्यांतच उद्धार आहे. परत जातांना तो तिला घोड्यावर बसवितो व आपण पायीं चालतो. हा करुण रस जिला साधला तिला नाटक कळत नव्हतें असें म्हणणें अरसिकपणाचें आहे.

७

हीं नाटकें दृश्य कीं श्राव्य, हा वाद अद्याप चालूं आहे. पहिल्या पक्षाचें म्हणणें, भांड्यांचा प्रसंग किंवा टोपी काढण्याचा प्रसंग डोळ्यांसाठींच लिहिलेला आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, त्या काळांत टेरेन्स वाचला जाई, खेळला जात नसे. टेरेन्सच्या पोथ्यांच्या अखेरीस कॅलियोपियुस या प्राचीन शोधकाचें नांव येतें. मध्ययुगीन पंडितांनीं त्यालाच नाटक वाचून दाखविणारा निवेदक समजलें. एक वाचतो व इतर मूक अभिनय करतात, अशी त्यांची प्राचीन रंगभूमीची कल्पना होती.

पोथीची साक्ष दुसऱ्या पक्षाकडे थोडी झुकते. पोथींत रंगसूचना म्हणाव्या अशा जवळजवळ नाहींत. भांड्यांचा प्रसंगहि मुलींच्या तोंडून वर्णिलेला आहे, म्हणजे नुसतें ऐकणाऱ्यासहि तो दिसतो. अल्डर्सबाखच्या संग्रहकारानें तर एक नाटक संतचरित्र म्हणूनच उतरून घेतलें. उलट, त्याच काळांत नाट्याची दुसरी एक धारा देवळांत फुटत होती हेंहि विसरतां येत नाहीं. सुमारें ९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मठांसाठीं विंचेस्टरच्या एथेलवोल्ड बिशपानें जी आचारसंहिता सिद्ध केली, तींत ईस्टरच्या पहाटे ख्रिस्ताच्या रिकाम्या थडग्याशीं देवदूत व तीन स्त्रिया यांचा संवाद कसा गावा, कोणी कोणतें वस्त्र घ्यावें, कोठें उभें राहावें, हें सविस्तर लिहिलें आहे. येथें रंगसूचना आहेत, पण संवाद चार ओळींचा. गांडर्सहाइमला संवाद भरपूर आहे, पण रंगसूचना नाहींत. या दोन धारांची गांठ पडलेली दिसत नाहीं.

वास्तुशिल्प पाहिलें म्हणजे त्या काळच्या लोकांस दृश्याची जाण होती हें पटतें. गांडर्सहाइमपासून फार दूर नसलेल्या गेर्नरोडे येथील सेंट सिरियाकुसचें देऊळ मारग्रेव्ह गेरो यानें ९६० च्या सुमारास आरंभिलें. तोहि कॅनोनेस स्त्रियांचाच आश्रम. तेथें मध्यदालनाच्या दोन्ही अंगांस वर सज्जे आहेत, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ताच्या थडग्याची दगडी प्रतिकृति आंत बांधलेली आहे. हिल्डेसहाइमच्या बेर्नवार्ड बिशपानें १०१५ सालीं ओतविलेल्या कांशाच्या दरवाजांवर ईश्वर आदमाकडे बोट दाखवितो, आदम ईव्हकडे व ईव्ह सापाकडे. शब्द एकहि नाहीं, आणि संवाद पुरा आहे. ज्या प्रदेशांत हे हातवारे कांशांत ओतले गेले त्या प्रदेशांतील स्त्रीनें मनांत पात्रें उभीं करून नाटक लिहिलें, हें स्वाभाविक आहे. तिनें तें डोळ्यांनीं पाहिलें नसलें तरी पाहतां येईल असें लिहिलें. १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें ईडिथ क्रेग हिच्या मंडळीनें 'पाफ्नुटियुस' रंगभूमीवर आणलें व तें उभें राहिलें. यावरून प्रस्तुत लेखकाचा निर्णय असा : रचना श्राव्यासाठीं, बुद्धि दृश्याची.

८

तात्पर्य, ह्रोत्स्वीतेवरील टीकेंत तीन निरनिराळ्या चुका एकत्र मिसळल्या आहेत. काळाविषयींच्या पूर्वग्रहानें तिचें कर्तृत्व नाकारलें गेलें; संपादकाच्या नांवांनीं तिच्या नाटकांचा मध्यबिंदु हलला; आणि तिच्या हातीं कोणता टेरेन्स होता हें न पाहतां तिची त्याच्याशीं तुलना झाली. या तिन्ही चुकांचें निरसन पोथीनें केलें. कोणत्याहि रसिकाच्या अभिप्रायानें केलें नाहीं. त्यानंतर जे दोष उरतात, म्हणजे पहिल्या नाटकाचा विसकळीतपणा, चमत्कारांवरील अतिभार, खलपात्रांचा एकरंगीपणा, ते खरे आहेत व ते सांगण्यास हरकत नाहीं. गुणहि मग त्यांच्या जागीं दिसतात.

हें प्रतिपादन आपल्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण हें कीं, जुन्या संग्रहांतील याद्या करणाऱ्यांकडून सेल्टिसप्रमाणेंच सद्धेतूनें असे फेरफार होतात. आरंभींचें पान फाटलेलें असलें कीं पोथीस आपल्या मनचें नांव देणें, ग्रंथकाराची उपाधि पाहून काळ ठरविणें, समासांतील टीप निरुपयोगी म्हणून यादींत न घेणें, हे प्रकार नित्याचे आहेत. पोथीचें नांव पोथींतून, समाप्तिलेखांतून घ्यावें. आपण दिलेलें नांव वेगळ्या शाईनें व वेगळ्या रकान्यांत लिहावें. आणि एकच प्रत असेल तर तिची नक्कल किंवा छायाप्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी. ज्या कोलोनच्या दप्तरखान्यानें ह्रोत्स्वीतेच्या बाजूनें साक्ष दिली, त्याची इमारत ३ मार्च २००९ रोजीं भर दुपारीं कोसळली. बहुतेक कागद नंतर ढिगाऱ्यांतून व चिखलांतून काढण्यांत आले, पण त्यांची दुरुस्ती हें पिढ्यांचें काम होऊन बसलें. म्यूनिकची पोथी सुरक्षित आहे, आणि तिच्यावरून शुद्ध संस्करणें झालीं आहेत. पॉल फोन विंटरफेल्ड याचें १९०२ चें व वाल्टर बेर्शिन याचें २००१ चें त्यांत प्रमुख होत. ज्यांस लॅटिन येतें त्यांनीं हीं नाटकें त्या संस्करणांतून, पोथींतील मथळे पुढें ठेवून, वाचावीं.